आत : १

"बघा. पुन्हा एक. रोज एक. वैताग आणलाय नुसता ह्या डबड्यानं..."

ऑफिसातले नरहरकाका पुटपुटले. दैवशालाच्या इतक्या जवळून, की त्यांच्या तोंडातल्या सुपारीचा वास तिला आला. ते तिच्याशी बोलतच नव्हते. कम्प्युटरच्या पडद्याशी भांडत होते.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं होती...

आत : १

आणि आत कोणी नव्हतं.

ही गोष्ट खरी आहे. दैवशाला माझी मावसबहीण. तिला बाता मारायची सवय नाही. असती तर तिचा धंदा जास्त चालला असता. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. बियाण्यांची कंपनी, नवीन जालन्यात, स्टेशनपासून ऑटोनं दहा मिनिटं. मागच्या मे महिन्यातला गुरुवार. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं. जे झालं ते संध्याकाळी पावणेसहाला, लख्ख उजेडात, चार माणसांच्या देखत झालं.

तेव्हापासून पावणेसहा वाजत आले की दैवशाला हातातलं काम खाली ठेवते. पोळी तव्यावर असली तरी गॅस बंद करते. का म्हणून विचारलं तर म्हणते, "न्हाई, असंच."

तिचं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेली सॉफ्टवेअर सांभाळणं. कॉलेजात वगैरे शिकलेली नाही. एका आडत दुकानात टायपिंग करता करता, बिघडलेलं उघडून बघता बघता शिकली. आता सात-आठ ऑफिसांत तिलाच बोलावतात. सगळीकडे दुखणं सारखंच. ज्यानं लिहिलं तो पुण्याला निघून गेलेला. काय कसं चालतं ते कागदावर कुठंच नाही. साऱ्या ऑफिसात मिळून एकच पासवर्ड, तोही कम्प्युटरवर चिठ्ठी करून चिकटवलेला. आणि कधीतरी 'तात्पुरतं' म्हणून लावलेलं एखादं ठिगळ, ज्याला आता सहा वर्षं झालीत.

ती म्हणते, बिघाड रोजचा झाला की लोक त्याला बिघाड म्हणायचं सोडून देतात. पद्धत म्हणतात.

त्या दिवशी मॅनेजर कल्याण सरांनी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि सरळ कामाचं सांगितलं.

"संध्याकाळी दिवस बंद करायला पाऊण तास लागून राह्यला, ताई. पहिले दोन मिनिटांत व्हायचा. जुन्या नोंदी साचल्या असतील. उडवून टाका."

"कुठपर्यंतच्या?"

"सगळ्याच. आज संध्याकाळपर्यंत. बिलकुल साफ."

मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "आणि तो एक... तोबी घालवा."

आता ही 'एक'ची भानगड नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ऑफिसच्या मागे एक कोल्ड रूम आहे. प्रत्येक जातीचं मूळ बियाणं तिथं ठेवतात. चार डिग्री थंडी. जाड भिंती, जाड दार, दाराला हाताएवढी काच. आत जाणाऱ्यानं दाराशेजारच्या मशीनवर कार्ड लावायचं. टुक असा आवाज होतो, पडद्यावर 'आत : १' येतं आणि आतला दिवा लागतो. निघताना पुन्हा कार्ड लावायचं. टुक. 'आत : ०'. दिवा बंद. आत कोणी नाही असं पडद्यानं म्हटल्याशिवाय दिवस बंद होत नाही, म्हणजे कम्प्युटर पुढच्या तारखेवर जात नाही. दिवस बंद झाला की नरहरकाका दाराला बाहेरून पट्टी टाकून कुलूप लावतात आणि घरी जातात.

चांगली सोय आहे. कागदावर.

दैवशालानं सॉफ्टवेअर उघडलं तर तिला एक बटण दिसलं, जे तिथं असायलाच नको होतं.

'सगळे बाहेर.'

तिनं पुण्याला राधेश्यामला फोन लावला. सॉफ्टवेअर त्यानं लिहिलेलं.

"हां ताई, ते..." तो जरा चाचरला. "पहिले दोन मशीन होते. एक आत, एक बाहेर. बाहेरचं पावसात जळालं. नवीन येईपर्यंत म्हणून मी आतल्या एकावरच दोन्ही करून दिलं. पहिल्यांदा कार्ड लावलं की आत, दुसऱ्यांदा लावलं की बाहेर."

"नवीन कधी आलं?"

"आलंच नाही."

"आणि बटण?"

"लोकांचे हात भरलेले असायचे ना. निघताना कार्ड लावायचं विसरायचे. मग रोज एक-दोन जण आत दाखवायचे, दिवस बंद व्हायचा नाही. नरहरकाका रोज मला फोन करायचे. म्हणून दिलं बटण करून. एकदा दाबलं की सगळे बाहेर. तात्पुरतं होतं ते, ताई."

मग आवाज उतरवून तो म्हणाला,

"दाबायच्या आधी आत जाऊन बघायचं, असं मी सांगितलं होतं. लिहून नव्हतं दिलं. पण सांगितलं होतं."

दैवशालानं फोन ठेवला. नोंदी मोजायला लावल्या. वीस-पंचवीस हजार असतील असं तिनं धरलं होतं.

निघाल्या लाखभर.

त्यातल्या जवळजवळ सगळ्या एकाच कार्डाच्या.

"काका, सत्तावीस नंबरचं कार्ड कोणाचं?"

नरहरकाकांच्या तोंडातली सुपारी थांबली.

मागं गिरिजाबाई झाडत होती. तिचा झाडू थांबला...



"दीपमालाचं," गिरिजाबाई म्हणाली.

"गिरिजाबाई, तुम्ही तिकडलं झाडा," कल्याण सर केबिनच्या दारातून म्हणाले.

दीपमाला कोण, हे दैवशालाला विचारावं लागलं नाही. ते जालन्यात सगळ्यांना माहीत होतं. इथंच कामाला होती. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये ह्या कोल्ड रूममध्ये मेलेली सापडली होती. शनिवारी संध्याकाळी घरी पोचली नाही. आठ वाजता नवऱ्यानं नरहरकाकांना फोन केला. काका म्हणाले, ती पावणेसहालाच गेली. नवऱ्यानं बसस्टँड पाहिलं, दवाखाने पाहिले, रात्री वडीगोद्रीला तिच्या माहेरी जाऊन आला. रविवारी विहिरी पाहिल्या. सोमवारी सकाळी कोल्ड रूम उघडली.

दाराच्या अगदी आतल्या बाजूला बसली होती. अंगावर सुती साडी.

कंपनीनं कागद काढून दाखवला. आत, पाच बावीस. बाहेर, पाच एक्केचाळीस. म्हणजे ती बाहेर गेली होती. मग पुन्हा आत कशी? दुसरी किल्ली ड्रॉवरमध्येच असायची, कोणीही घ्यावी. म्हणजे परत आली असेल. चोरून. म्हणजे कोणालातरी भेटायला. आणि तो जो कोण होता, तो घाबरून बाहेरून कुलूप लावून पळाला असेल.

लोकांना एवढं पुरतं.

दीपमालाची आठ वर्षांची मुलगी आता वडीगोद्रीला आजीजवळ असते. पुष्पाबाई, म्हणजे तिची आजी, तिला शाळेत सोडायला जातात आणि सुटेपर्यंत फाटकाबाहेरच बसून राहतात. कारण पोरी तिला विचारतात, तुझी आई कोणाला भेटायला गेल्ती?

आणि खरं सांगायचं तर दैवशालानंही ती गोष्ट गिरणीत दळण होईपर्यंत दोन बायकांना रंगवून सांगितली होती. हसली पण होती. हे तिनं मला स्वतःहून सांगितलं, मान खाली घालून.

तिनं तो शनिवार उघडला.

कंपनीच्या कागदावर होतं तेच. कार्ड सत्तावीस, आत, पाच बावीस. पाच एक्केचाळीसला बाहेर.

फक्त त्या 'बाहेर'पुढे कार्ड लावल्याची खूण नव्हती. बटणाची होती.

दैवशालानं ती ओळ पुन्हा वाचली.

दिवस बंद झाल्यावरच्या नोंदी हे सॉफ्टवेअर पुढच्या तारखेत टाकतं. पुढचा दिवस रविवार, आणि सुटीच्या दिवसाचा कागद ते कधी छापतच नाही. त्यामुळे रविवार कोणी पाहिलाच नव्हता.

तिनं रविवार उघडला...

पाच चव्वेचाळीस. आत.

पाच चव्वेचाळीस. बाहेर.

पाच पंचेचाळीस. आत.

पाच पंचेचाळीस. बाहेर.

पाच सेहेचाळीस...

ती खाली खाली जात राहिली. पान संपेना. सहा वाजले, सात वाजले, आठ, नऊ. दोन नोंदींमधलं अंतर वाढत गेलेलं. आधी मिनिटाला दोन. मग पाच मिनिटांनी एक. मग वीस मिनिटांनी एक.

शेवटची रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.

एकूण दोनशे सात.

ती आत बसून कार्ड लावत होती. दर वेळी आतला दिवा लागत होता, विझत होता. आणि इथं, नरहरकाकांच्या टेबलावर, कधीच बंद न होणाऱ्या ह्याच पडद्यावर आकडा बदलत होता. एक. शून्य. एक. शून्य. रिकाम्या खुर्चीसमोर.

बरं, हे एका रात्रीचं झालं.

पण दुसऱ्या दिवशी तेच होतं. पाच चव्वेचाळीस ते दोन दहा, दोनशे सात नोंदी. तिसऱ्या दिवशी तेच. दिवाळीत तेच. काल तेच. मिनिटाचाही फरक नाही. शेवटची नोंद 'आत', म्हणून सकाळी पडद्यावर एक. संध्याकाळी काका बटण दाबायचे, की शून्य. तीन मिनिटांनी पुन्हा सुरू.

"तिचं कार्ड कुठंय?" दैवशालानं विचारलं.

"तिच्यासोबतच दिलं," काका म्हणाले. "गळ्यातच होतं. कोणाच्या लक्षात न्हाई आलं... जाळलं सोबत."

"ताई, वाचत काय बसल्या?" कल्याण सर बाहेर आले. "साडेपाच झाले. उडवा ना."

"मशीन बघते आधी. मशीन आपोआप जुनंच पाठवून राह्यलं असंल तर नोंदी उडवून काय फायदा? उद्या पुन्हा तेच."

हे खोटं नव्हतं. मशिनीत कधी कधी जुनं अडकून राहतं आणि ते रोज तेच ओकत बसतं. दैवशालानं असं दोनदा पाहिलंय. तिला मनापासून वाटत होतं की तेच असावं.

कोल्ड रूमच्या काचेवर कागद चिकटवलेला होता.

"हा कोणी लावला?"

कल्याण सर घड्याळाकडे बघायला लागले.

ती पेचकस घेऊन आत गेली. नरहरकाकांनी दार धरून ठेवलं, दोन्ही हातांनी, पण पाऊल आत टाकलं नाही. मशीन दाराशेजारीच होतं. त्याचं काळं प्लास्टिक मधोमध पांढरं झालेलं. घासून घासून. जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीचा रंगही तसाच ओरखडलेला, मशीनपर्यंत वर वर गेलेला... खाली बसलेल्या माणसानं हात वर पोचवावा तसा.

तिनं वायर सोडवली. मशीन काढून आणलं. टेबलावर ठेवलं. भिंतीवर चार भोकं राहिली.

काकांनी पट्टी टाकली, कुलूप लावलं. आणि सवयीनं, न बघता, बटण दाबलं.

पाच एक्केचाळीस.

आत : ०

कागदामागचा उजेड गेला.

"झालं की," कल्याण सर हसले. "साधं मशीन खराब. एवढ्यासाठी वर्षभर डोकं खाल्लं. घ्या, उडवा आता."

"कॉपी काढते पहिले. काढल्याशिवाय मी कधीच काही उडवत नसते." दैवशालानं पेन ड्राइव्ह लावला. सरांना ते आवडलं नाही.

पाच बेचाळीस.

पाच त्रेचाळीस.

कॉपी संपली. दैवशालानं बोट नोंदी उडवायच्या बटणावर नेलं, आणि तसंच ठेवलं...

कोल्ड रूमच्या कॉम्प्रेसरची घरघर चोवीस तास चालू असते. इतकी, की कोणाला ती ऐकूच येत नाही.

ती थांबली. तेव्हा ऐकू आली.

टुक.

टेबलावर मशीन होतं. वायर लोंबत होती. त्यावरचा बारका दिवा विझलेला होता. आवाज तिथून आला नाही.

आवाज दारामागून आला.

आत : १

काचेवरचा कागद पिवळा झाला. मागून उजेड आला होता.

टुक.

आत : ०

कागद काळा.

टुक.

आत : १

"लाइटचं काहीतरी आहे," कल्याण सर म्हणाले. "वायरमनला बोलवतो मी उद्या..."

"काका, उघडा दार," दैवशाला म्हणाली.

नरहरकाका हलले नाहीत.

"काही गरज न्हाई," सर म्हणाले. "नोंदी उडवा. आत्ताच्या आत्ता."

गिरिजाबाई पुढं आली. हातातला झाडू तिनं भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि काकांच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढून घेतली. पासष्ट वर्षांची बाई, ह्या ऑफिसात कधी कोणाशी मान वर करून बोलली नव्हती.

"त्या दिवशी न्हाई उघडलं," ती म्हणाली. "आज तरी उघडू द्या."

दार उघडलं. गार हवेचा लोट आला.

दिवा लागलेला होता. फळ्या. फळ्यांवर पुड्या. प्रत्येकीवर नंबर.

कोणी नव्हतं.

भिंतीवर नुसती चार भोकं...

टुक.

अगदी हाताच्या अंतरावर. दिवा गेला.

टुक.

दिवा आला.

गिरिजाबाईनं दार सताड उघडं धरलं. "ये बाई," ती म्हणाली. लेकीला म्हणावं तशी. "ये भाईर. उघडलंय बघ दार. ये."

कोणी आलं नाही.

टुक.

कल्याण सर कधी गेले ते कोणी पाहिलं नाही. बाहेर त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, एवढंच.

दैवशाला कम्प्युटरपाशी परत आली. खुर्चीत बसली. तिला वाटलं, आवाज आणि नोंद जुळते का ते बघावं. काहीतरी काम करावं, डोकं ठिकाणावर राहील. तिनं तो पहिला रविवार पुन्हा उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"पाच एकोणपन्नास, आत."

टुक.

"पाच एकोणपन्नास, बाहेर."

टुक.

जुळत होतं. एकेक.

ती थांबली तरी आवाज थांबला नाही. मग ती खालचं वाचू लागली, पुढचं, जे अजून वाजायचं होतं. का, ते तिला आजही सांगता येत नाही. म्हणते, कोणीतरी एकदा ते सगळं वाचायला पाहिजे होतं. वर्षभर कोणी वाचलं नव्हतं.

"सहा बारा, आत. सहा तेरा, बाहेर."

गिरिजाबाई दाराला धरून उभी होती. नरहरकाका भिंतीला टेकून. डोळे जमिनीवर.

"सहा चाळीस, आत."

"ताई, ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले.

"सात दोन, बाहेर. सात सहा, आत."

"ऱ्हाऊ द्या म्हणतो ना."

"सात अठ्ठावन्न, बाहेर."

काका खाली बसले. एकदम नाही. भिंतीवरून घसरत घसरत, म्हातारी माणसं बसतात तसे. दैवशाला सांगते, तिला वाटलं ह्यांना काही झालं. तरी तिचं तोंड थांबलं नाही.

"आठ पाच, आत."

"तेव्हा मी जेवून राह्यलो होतो," नरहरकाका म्हणाले.

दैवशालानं वाचायचं थांबवलं.

"जुन्या जालन्यात घर माझं. पंधरा मिनिटं लागतात इथं यायला. तिच्या नवऱ्याचा फोन आल्ता. काका, दीपमाला निघाली का म्हणून." ते आपल्या हाताकडे बघत होते. "घास हातात होता. आणि मला आठवलं. मीच तिला आत पाठवलं होतं, एक पुडी आणायला. ती बाहेर येताना काही मी पाहिली न्हाई. घाईत बटण दाबलं, कुलूप लावलं. किल्ली समोर खुंटीवर, शर्टाच्या खिशात होती."

टुक.

"मंग?" गिरिजाबाईनं विचारलं.

"मंग त्याला म्हणलो, गेली ती. पावणेसहालाच गेली. एकदा म्हणून गेलो... मंग दर तासाला अजूनच अवघड होत गेलं. वाटलं, आली असंल बाहेर. वाटलं, आता उघडलं तर काय सांगू."

"वाटलं म्हणू नका," गिरिजाबाई म्हणाली. "काय माहीत होतं ते सांगा. तिला सांगा."

काकांनी उघड्या दाराकडे मान वळवली.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "आठ वाजता मला माहीत होतं, तू आत आहेस."